सारमानसच्या धक्क्यावर

मी रॅम्प सोडतो, रॅम्प उचलतो.
अंगावर सरकारी खाकी, छातीवर बिल्ला,
आणि सेवानियमांत लिहिलंय
की राजकारणावर मला तोंड नाही.
कानांबद्दल नियमात काही नाही.

सारमानस ते टोंक, भरतीला सहा मिनिटं,
ओहोटीला आठ.
एवढ्यात माणसं एका बाईबद्दल
काय काय बोलून घेतात.

"फिलोमेना? आणि पक्षाची अध्यक्ष?"
आत्माराम चोडणकर, स्कूटरवरून न उतरता.
"बाई चांगली. तांबड्या भाजीसारखी.
रक्त वाढतं म्हणतात खाल्ल्यावर.
पण घरी पाहुणा आला की आपण
इसवणच आणतो ना बाजारातून?"
सगळे हसले.
मीही हसलो, दोरखंडाकडे बघून.

दुलसिनने माशांची पाटी खाली ठेवली.
"माझ्या घोवाला तिनेच संपात नेला.
बावीस दिवस बार्जी उभ्या.
तेविसाव्या दिवशी मालकाने
बाहेरचे खलाशी आणले.
चूल थंड होती तेव्हा पिशवी मात्र तिचीच आली,
उकडे तांदूळ, दोन नारळ, चवळी,
प्रत्येक घराला मापून सारखी.
मला पाच पोरं. शेजारणीला एक.
सारखं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं."
हे कौतुक होतं की गाऱ्हाणं
विचारायचं राहून गेलं. गिऱ्हाईक आलं.

केंकरे मास्तर छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून:
"मराठी कच्चं, कोकणी कडू,
इंग्रजी कोर्टातलं.
भाषण ऐकलंय मी तिचं डिचोलीला.
टाळी कुठे वाजवायची ते समजतच नाही."

कॉलेजची दोन पोरं, एका हेल्मेटवर दोघं:
ती आली तर पैसेवाले उठून जातील.
जाऊ देत, खुर्च्या तरी मोकळ्या होतील.
अरे, खुर्च्यासुद्धा त्यांच्याच आहेत.

कुणी म्हणालं, तिचा तो लाल रंग इथे चालायचा नाही.
मी ऐकलं आणि पाण्यात बघितलं.
इथे लाल रंग आधी मालकाचा होता.
ट्रक लाल, रस्ता लाल, वाळत घातलेली
माझ्या आईची पांढरी लुगडी लाल,
नदीचा तळ अजून लाल.
तेव्हा कुणाला खुपला नाही.

आणि यातल्या कुणालाच मत नाही, बरं का.
मत सत्तावन्न प्रतिनिधींना,
रविवारी, मडगावच्या हॉलात, दार लावून.
त्यांतला एकही या फेरीत चढत नाही.
ते पुलावरून जातात.

गुरुवारी ती स्वतः आली.
पायात रबरी चपला, काखेत फाइल,
गुडघा दुखतो वाटतं, डावा.
आत्मारामने स्कूटरचा आरसा पुसायला घेतला.
मास्तरांना पलीकडचा किनारा फार आवडला.
सहा मिनिटं कुणाला काही मतच नव्हतं.

ती माझ्याजवळ उभी.
मला वाटलं, आता पाठिंबा मागणार.
म्हणाली, "साखळी किती करकरते रे.
ग्रीस नाही देत?"
चार महिने मागतोय, मी म्हटलं.
"तोंडी मागितलंस?"
तोंडी.
"अर्ज कर. एकट्याने नको. प्रवाशांच्या सह्या घे."
आणि उतरून गेली, लंगडत,
मागे वळून हात हलवायलाही विसरली.
अशी माणसं निवडून कशी येतात, देव जाणे.

अर्ज मी वहीच्या पानावर लिहिला.
दुलसिनचा अंगठा, त्याला खवल्याचा वास.
मास्तरांनी आधी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मग सही.
आत्मारामने सही केली
स्कूटरवरून न उतरता,
"हे ग्रीससाठीच ना?" असं तीनदा विचारून.

आज शनिवार. सह्या नऊ झाल्या.
दहावी माझी असायला हवी का
हे सेवानियमांत सापडत नाही.
पेन खिशात आहे. साखळी करकरतेय.
ओहोटी लागलीय,
म्हणजे आठ मिनिटं.