एका बिंदूपुरतं

ओरेन्सेच्या डोंगरात आमच्या गावचे निम्मे पुरुष
चाक ढकलत परमुलखात जायचे,
सुऱ्या, कातऱ्या, वस्तऱ्यांना धार लावायला.
माझे वडील बेनिग्नो मार्चमध्ये निघत,
चेस्टनट गळू लागले की परत येत.

शाळेत दोन्या ऑब्दुलिया खडूला सुतळी बांधून
फळ्यावर वर्तुळ काढायच्या.
मग एक रेघ, लांबून: हिचा याच्याशी संबंध नाही.
एक आरपार: ही छेदिका, दोनदा भेटते,
आत उरतो तो तुकडा जीवा.
तिसरी काढताना बाई श्वास रोखत.
ही स्पर्शिका. एकाच बिंदूत भेटते
आणि तिथल्या त्रिज्येशी काटकोन करते. नेहमी.

नेहमी हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नसे.

मी वहीत शंभरदा काढून पाहिली.
पेन्सिलीला कितीही टोक काढा,
रेघ एकतर केसभर अलीकडे राही
नाहीतर आत रुतून दोन बिंदू खाई.

त्या ऑक्टोबरात वही वडिलांपुढे धरली.
त्यांना लिहिता येत नव्हतं, सही म्हणून चाक काढायचे.
बराच वेळ बघत राहिले.
"हा दगड," म्हणाले, "आणि हे पातं."
अंगणात नेलं, पायटा दाबला,
माझं बोट धरून सुरीच्या पाठीवर ठेवलं.
"जास्त दाबलंस तर दगड चावतो.
बिचकलीस तर नुसता वारा.
मधे एक जागा आहे. डोळ्यांना नाही सापडायची.
आवाज बदलतो."

आवाज बदलला.

ठिणग्या उडाल्या, सरळ.
एवढा गरगरता दगड, पण एकही गोल गेली नाही.
जिथून सुटली तिथली दिशा धरून
जी ती आपापल्या रेघेने अंधारात.
त्याच हिवाळ्यात माझा भाऊ रोसेंदो
ब्वेनोस आयरेसच्या बोटीत बसला.
हे मी आत्ता जोडते आहे. तेव्हा नुसती थंडी होती.

"आणि बाईंना सांग," चाक थांबवत वडील म्हणाले,
"त्यांच्या चित्रात एक चूक आहे.
टेकलं की दोघंही झिजतात."

मी जन्मले तेव्हा तो दगड तीन विती रुंद होता.
ते गेले तेव्हा एक वीत चार बोटं.
उरलेला कुठे गेला, विचारायला नको:
सोरियाच्या खाटकाकडे, लेओनच्या शिंप्याकडे,
कुणा विधवेच्या एकुलत्या एक कात्रीत.

मी चौतीस वर्षं भूमिती शिकवली.
बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिका समान असतात:
तो बिंदू काढताना दरवर्षी
मी आईला दारात उभी करायचे.
एक रेघ मार्चची, एक ऑक्टोबरची.
मोजून बघा म्हणायचे मुलांना.
ती मोजायची, समान यायच्या.
आई कधी मोजत नसे.

एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
बिंदूला लांबीच नसते, मग ती भेटतात कशी?
मी फळ्याकडे वळून
पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

आता तो दगड माझ्या टेबलावर कागद दाबून असतो.
परवा नात उशेया आली,
खेळता खेळता तिने त्याच्या कडेला
प्लास्टिकची पट्टी टेकवली
आणि हळूहळू कलवू लागली.
मी डोळे मिटून घेतले,
ऐकायला.