यंदाची यादी

दसऱ्यानंतरच्या सोमवारी यादी लागली
सोसायटीच्या दारावर, खताच्या भावांशेजारी.
सोळा नावं. खाली घोंगडेसाहेबांची सही, हिरव्या शाईत.
चष्मा घरी राहिला होता,
म्हणून शाळेतून परतणाऱ्या एका पोरीकडून वाचून घेतली
आणि दर नावाला तिला म्हणालो, थांब.

गेले ते आधी.
इस्राईल गेला. सेंटर हाफ.
बल्लारशाच्या टीमनं महिन्याला नऊ हजार लावले आणि खोली दिली.
आमच्याकडे सहा, आणि राहायला सासऱ्याचं घर.
अकरा हंगाम त्यानं मधली पट्टी अशी राखली
जशी एखादी म्हातारी धुऱ्यावरून तूर राखते,
ओरडा न करता, नुसती उभी राहून.
त्याच्या जागी यादीत दोन नावं आहेत.
एका माणसाची जागा दोघं घेतात तेव्हा
मधे फट राहतेच.
वहीत लिहून ठेवलंय.

दौलत नैतामनं गोल सोडला नाही,
गुडघ्यांनी त्याला सोडला.
पॅड मात्र त्याचेच राहिले; डाव्याला
त्याच्या बायकोनं सुतळीचे टाके घातलेत.
नवा पोरगा, सुबोध, ते बांधून उभा राहतो तेव्हा
पॅडात बोटभर दौलत उरतोच.
पोरगा उंच आहे. वरचा बॉल घेईल.
खालून सरपटत आलेल्याचं सांगता येत नाही.
उंच माणसाला जमीन उशिरा ऐकू येते.

आले ते:
धारणीकडचे दोघं भाऊ, साबूलाल आणि मुन्शी भिलावेकर.
पास देताना आपसात कोरकूत बोलतात.
आमच्या बॅकला कळत नाही.
पुलगावच्या बॅकलाही कळणार नाही.
हे मी नफ्यात धरलंय.

कामठीचा एकजण, फक्त पेनल्टी कॉर्नरसाठी.
सामन्यामागं पैसे घेतो, सरावाला येत नाही.
घोंगडेसाहेब म्हणाले, बंदूक काय रोज साफ करायची असते?
मी म्हणालो, करा लागते साहेब.
त्यांनी फोन कानाला लावला.

पानठेल्यावर तर निकालच लागून गेला.
"यंदा सेमी पक्की आपली."
"कायची पक्की? हाफलाइन पाह्य ना बे, चायनी हाये चायनी."
"अन् थो कामठीवाला?"
"थो येईन तवा कॉर्नर भेटला पाह्यजे ना!"
मी सुपारी चघळत राहिलो. मला विचारलं कोणी नाही,
आणि एकेकाळी लेफ्ट-आउट असलेल्या माणसानं
न विचारता बोलू नये.

काल फक्की मारायला गेलो.
खाणीच्या मातीचा ढिगारा पावसाळ्यात पुन्हा सरकलाय.
पूर्वेच्या गोलमागची बाभूळ आता अर्धीच दिसते,
गुडघ्यापर्यंत मातीत, दौलतसारखी.
खांब कोणीतरी उपटून अलीकडे रोवले होते,
बहुतेक बुलडोझरवाल्यानंच, आणि चांगले सरळ रोवले होते.
फितीचं एक टोक खिळ्याला अडकवलं, चालत गेलो.
एक्याण्णव मीटर चाळीस भरायला पाहिजे.
सत्त्याऐंशी भरलं.

पुन्हा मोजलं. सत्त्याऐंशी.

म्हणजे आता सगळंच नव्यानं मांडा.
मधली फट आखूड झाली, ते दोन हाफ कदाचित पुरतीलही.
सुबोधकडं बॉल लवकर येईल, विचाराला वेळ नाही,
त्याचं बरंच होईल.
भाऊ मात्र सुटल्यासुटल्या संपतील.
आणि हे इथलं झालं. बाहेरच्या गावी मैदान पूर्ण असतं;
तिथं आमचा प्रत्येक पास
चार मीटर अलीकडं पडेल,
आणि पोरं एकमेकांकडं बघतील, चूक कोणाची.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, चार मीटरनं काय होते?
चाळीस वर्षांपूर्वी चार बोटांनी हुकलेला एक बॉल
मला अजून दिसतो, पण ते मी बोललो नाही.

फक्की मारली. रेघ सरळ आली.
मग बाभळीच्या उरलेल्या सावलीत बसून वही काढली
आणि 'गेले'च्या रकान्यात, इस्राईलच्या खाली लिहिलं:
मैदान, चार मीटर चाळीस.
शेजारचा रकाना, 'त्याच्या जागी कोण',
तो कोरा ठेवला.