वेशीच्या आत

निहार ग्लासगोला शिकायला गेला तेव्हा
जुना कॉम्प्युटर आणि चिठ्ठीवरचा एक पासवर्ड मागे ठेवून गेला.
म्हणाला, आलात तर भेटू आत.
फोनवर आम्ही दोघे हवामानाच्या पुढे जात नाही.

‘श्रीरंग’ हे नाव आधीच कुणीतरी घेतलं होतं.
कोण असेल हा, माझ्या नावाने चिलखत घालून
कुठल्या डोंगरावर हिंडत असेल?
मी ‘चिंचोका’ झालो.

नवख्यांचं गाव. एक विहीर, एक लोहार,
कुंपणापाशी रानडुकरं, आपण छेडल्याशिवाय अंगावर न येणारी.
इथे ऊन उतरत नाही.
खिडकीबाहेर ग्रिम्सबीत साडेतीनलाच दिवे लागलेले,
माझ्या बोटांना अजून हॅडकचा वास,
दिवसभर शीतगृहात उणे बावीस, उणे बावीस लिहून आलेलो.

कामं सोपी.
दहा अळंब्या आण. सहा डुकरं मार.
हे पत्र लोहाराच्या बहिणीला दे.
बहीण वीस पावलांवर उभी, त्याच्या नजरेसमोर.
दोघांचं काय बिनसलंय ते कुणी सांगत नाही.
पत्र दिलं की सात तांब्याची नाणी मिळतात
आणि ती त्याच्याकडे बघतही नाही.

पाचवी पायरी गाठली की शिपाई म्हणतो,
इथलं तुझं संपलं, आता पूल ओलांड.
ओलांडला.
लांडगा आला. स्मशानात जाग आली.
पुन्हा ओलांडला. पुन्हा स्मशान.
पहिले पाढे पंचावन्न.
मग मी विहिरीला टेकून उभा राहायला लागलो.
बरं वाटायचं.

तशी ही जागा ओळखीचीच.
दोन हजार तीन, एक सूटकेस, मिसेस ऑग्डेनच्या घरातली वरची खोली.
तीही दारातच कामं सांगायची:
मंगळवारी कचऱ्याचा डबा बाहेर, मीटरला नाणी घाल,
कोपऱ्यावरून अर्धा डझन अंडी आण,
फुटलेलं बघून घे.
पहिल्या हिवाळ्यात तिने नवऱ्याची लोकरी टोपी दिली.
का दिली, कधी कळलं नाही.
अंडी मी नीट बघून आणायचो, एवढंच.

रविवारी निहार येतो.
पंखवाल्या जनावरावर बसून, खांद्यांवर निळा जाळ,
कोंबड्या त्याच्या सावलीत मावतात.
चालता चालता एखादी मरते, त्याच्या लक्षातही येत नाही.
रोमन अक्षरांत विचारतो, जेवलात का?
हो. तू?
नूडल्स.
एकदा चोवीस खणांची पिशवी देऊन गेला,
दूरच्या कुठल्याशा वाळवंटात शिवलेली.
चला ना बाबा पुलापलीकडे, मी आहे.
म्हटलं, पुढच्या रविवारी.

आणि परवा, बुधवारी रात्री,
कुणी ‘बॅजर चौऱ्याहत्तर’ येऊन माझ्यापुढे उभा राहिला.
फाटका सदरा, हातात काठी.
वाकून नमस्कार केला आणि थांबला.
हलेचना.
तेव्हा उमगलं: विहिरीपाशी इतके दिवस उभा पाहून
त्याने मला गावातलाच समजलं होतं,
गेमने ठेवलेला, कामं सांगणारा म्हातारा.

खरं सांगायला हवं होतं.
मी लिहिलं, दहा अळंब्या आण.
पळत गेला.
मी कॉम्प्युटर बंद करून झोपू शकलो असतो,
सकाळी सहाची पाळी होती.
वीस मिनिटांनी आला, अकरा घेऊन.

आता बक्षीस काय देणार?
माझ्याकडे सात नाणी होती, डुकराचे दात होते,
आणि ती पिशवी.

रविवारी निहारने विचारलं, पिशवी कुठाय?
एका कामात गेली, म्हटलं.
बराच वेळ पडद्यावर काही उमटेना.
मग तो जनावरावरून उतरला,
येऊन माझ्या शेजारी विहिरीला टेकला.
कोंबडी त्याच्या पायात घुटमळत होती.
त्याने तलवार पाठीला लावली
आणि ती जाईपर्यंत हलला नाही.