वीस टक्के अकरावी

पंचवीसपैकी सहा.
मगदूम सरांनी सहाभोवती गोल काढला होता,
हळदीच्या पोत्यावर वजन लिहून काढतात तसा.
खाली : पालकांची सही.

तासगावच्या शाळेत मला त्वरण येत होतं,
घर्षण येत होतं,
अपवर्तनाचा किरण तर मी
फळ्यावर वाकवून दाखवला होता.
सांगलीच्या कॉलेजात तेच सगळे
इंग्रजी नावं लावून पुढच्या बाकावर बसलेले
आणि ओळख देईनात.
दहावीचे एक्क्याण्णव टक्के मी
दप्तराच्या आतल्या कप्प्यात सरकवले,
एसटीच्या पासामागं.

अकरावीचं कुणी धरत नाही गं,
श्रेयसी म्हणाली. आत्या म्हणाली.
झेरॉक्सवालासुद्धा म्हणाला.
ॲडमिशनला बारावी बघतात, सीईटी बघतात.
अकरावी म्हणजे गाडी कराडच्या स्टँडवर थांबते तेवढं,
उतरायचं, चहा प्यायचा.
मीही उतरले होते.

आई बेदाण्याच्या शेडवरून नुकतीच आलेली,
पदराला गंधकाचा वास, बोटं चिकट.
ती सहाकडं बघेचना.
पान उलटलं, परत उलटलं,
पट्ट्यावरून सरकणारा माल बघते तसं.
मग एका जागी बोट ठेवलं. तिसरा प्रश्न, ब.
लाल शाईची बरोबरची खूण.
"हे आलंय न्हवं?"
आलंय.
"मग हे कसं काय आलं तुला?"

मला सांगता येईना.
चुकलेलं का चुकलं ते पाठ होतं,
कुणी विचारलं असतं तर धडाधडा सांगितलं असतं.
हे बरोबर आलेलंच
रात्रभर टोचत राहिलं.

तिनं सही केली. ऐवळेतला ऐ काढताना
आधी ए,
मग जरा थांबून वरची मात्रा.

स्टाफरूममध्ये सर डबा खात होते.
कागद बघितला, घडी घातली, परत दिला.
"सीईटीत वीस टक्के अकरावीचं असतंय, ऐवळे.
चहाला उतरलेल्यांना कुणी सांगत नाही."
आणि भाकरीच्याच बोटानं हवेत लिहिलं,
व्ही बरोबर यू अधिक एटी.
"यू होऊन गेला. त्याला आता काय करणार?
ए बघ. टी बघ."
टी किती आहे सर?
त्यांनी कॅलेंडरकडं बघत बोटं मोजली.
"एक वर्ष आठ महिने. सुट्ट्या धरून."

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही.
सहा दहाची गाडी. दोनशे पानी वही,
डाव्या बाजूला आमचे शब्द, उजवीकडं त्यांचे.
विश्रामबागेतली अभ्यासिका,
जिथला पंखा तीनवर ठेवला की कागद उडायचे
आणि दोनवर ठेवला की झोप यायची.
सहानंतर नऊ आले.
नवानंतर आठ.
त्या आठाला मी घरी आणलंच नाही,
मारुती मंदिराजवळ उतरून
दोन गाड्या जाऊ दिल्या.
मग कधीतरी चौदा.
कधीतरी एका दुपारी लक्षात आलं,
मी गणित सोडवताना मनातल्या मनात
उजव्या बाजूचे शब्द बोलतेय.
आनंद झाला. थोडं परकंही वाटलं,
डाव्या बाजूची पानं
किती दिवसांत उघडलेली नव्हती.

आज नेट कॅफेत फॉर्म भरला.
दहावीचे गुण. भरले.
बारावीचे गुण. भरले.
सीईटीचा पर्सेंटाइल,
पॉइंटनंतरचे सातही आकडे, दोनदा तपासून.
मागं बारीक रांग, कुणाची तरी चप्पल आपटत होती.

मी माउस खाली नेला. वर नेला. परत खाली.
"काय राहिलं का, ताई?"
काही नाही, म्हटलं.

अकरावीचा रकानाच नव्हता कुठं.
तिसरा प्रश्न, ब,
तोही टाकायला जागा नव्हती.