पिकअपचं नवं नाक

शनिवारी व्हर्लिननं हार्डवेअरच्या दुकानातून
तीन इंची पांढरा पाइप आणला,
सांडपाण्याचा.
दोन कोपरे, चार क्लॅम्प,
चंदेरी चिकटपट्टीचं वेटोळं,
आणि टपालानं आलेला लाल फिल्टर, शंकूसारखा.
माझ्या पाव कापायच्या फळीवर
करवत चालवली त्यानं.
भुगा लोण्यात पडला.

हे काय, मी विचारलं.
थंड हवा, म्हणाला.
कंपनीनं नाक चेपून ठेवलंय गं बिचारीचं.

कंपनीची काळी पेटी
चौदा वर्षं मुकाट धूळ गाळत होती.
ती त्यानं शेडमध्ये, बियाण्याच्या पोत्यांमागे भिरकावली.

आवाज आला, नाही म्हणत नाही.
गॅस दाबला की पोटातून काहीतरी गुरगुरायचं.
गावातल्या एकुलत्या सिग्नलपाशी
माणसं वळून बघायची.
व्हर्लिन हसायचा.
पन्नाशीतला नवरा असा हसताना दिसला
की पाइपाबद्दल काही बोलवत नाही.
पैसे वाचवायला केलं, असं तो सगळ्यांना सांगे.
खोटं.
आपल्या हातची एखादी गोष्ट
जोरात पळालेली बघायची होती त्याला.

मग जुलै.
नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या,
मागे गवताच्या अकरा गासड्या,
आणि मर्डोकच्या चढावर
पिकअपनं मान टाकली.
नाक मोकळं होतं हो, पण उघडत कुठे होतं?
रेडिएटरच्या बगलेत,
जिथे हात धरला तर सालटं निघेल.
थंड हवेच्या नावानं
चुलीतला वारा ओढत होती ती.

पिवळा दिवा लागला.
व्हर्लिननं त्यावर चिकटपट्टी लावली,
त्याच वेटोळ्यातली.

आर्डिथ गॅरेजच्या दारात
डब्यातले पीच खात उभी होती.
काटा न ठेवताच वाकली.
ऊन लागून कोपरा खाली लोंबला होता
विझत्या मेणबत्तीसारखा.
तिनं पाइपात बोट घातलं, बाहेर काढलं,
व्हर्लिनच्या शर्टाला पुसलं.
वाळू.
आमच्या चादरींत असते, दातांत असते,
आता पिस्टनपर्यंत पोचली होती.

मग तिनं सेन्सर काढून उजेडात धरला.
केसाएवढी तार, तिच्यावर फिल्टरचं तेल.
ही मोजते किती हवा आली ते, आर्डिथ म्हणाली.
आता हिला दिसतच नाही.
आंधळं दळतंय, व्हर्लिन,
आणि कुत्रं पेट्रोल खातंय.

पाइपाचे पस्तीस डॉलर.
सेन्सरचे एकशे ऐंशी.
एवढ्या खाली तोंड ठेवून नदीत घातलीस,
तर घोटभर पाण्यात इंजिन जाईल,
त्याचा आकडा ती बोलली नाही.

ताकद तरी वाढली ना थोडी?
त्यानं विचारलं, लहान मुलासारखं.
वाढली की. आवाजाची.

जुनी पेटी आहे?
आहे, म्हणाला.

तीसच्या वेगानं घरी आलो, खिडक्या उघड्या,
कोणी बोललं नाही.
पोती बाजूला केली.
पेटीत, जुन्या फिल्टरच्या घड्यांवर,
राखाडी मांजरी व्यायली होती.
पाच. एकाचंही डोळं उघडलं नव्हतं.

व्हर्लिन उकिडवा बसला.
मांजरीनं त्याच्याकडे बघितलं
आणि घरमालकिणीसारखी पाठ फिरवली.

त्यानं आर्डिथला फोन केला.
तीन आठवडे लागतील.
का, पार्ट मिळत नाही?
मिळालाय, तो म्हणाला.
त्यात कोणीतरी राहतंय.

रात्री पाणी प्यायला उठले
तर अंगणात पिकअपचं दार उघडं.
आत व्हर्लिन, किल्ली अर्धी फिरवलेली,
नखानं चिकटपट्टी खरवडत होता.
थोडी निघाली होती,
आणि तेवढाच पिवळा उजेड
त्याच्या हनुवटीवर पडला होता.