कालचंच पाणी

आमच्या हचिन्सन गावाखाली साडेसहाशे फुटांवर
एक समुद्र पडला आहे, वाळून कडक झालेला.
एकतीस वर्षं मी त्याच्या पोटात गाडी हाकली.
लिफ्टमध्ये दाटीनं उभं राहायचं, दीड मिनिट काळोख,
मग भिंतीच भिंती, राखाडी,
मधून चिखलाची एखादी काळी रेघ.
नवा पोरगा आला की त्याला आम्ही भिंत चाटायला लावायचो.

आणि आज पन्नास मैल गाडी चालवून
मी विचिटाला आलो आहे, मीठ विकत घ्यायला.
लव्हॉन निघताना म्हणाली,
व्हर्लिन, शेजाऱ्यांना सांगू नकोस.

तिला किती वेळा समजावलं:
खाणीतलं ते नुसतं मीठ.
रस्त्यावरच्या बर्फाला चालतं, गुरांना चाटायला चालतं.
समुद्र काही एका दमात मरत नाही.
आधी चुना तळाशी बसतो, मग जिप्सम,
मग मीठ. मॅग्नेशियम शेवटपर्यंत पाण्याला धरून असतं
आणि पाण्याबरोबरच कुठेतरी निघून जातं.
कॅन्ससच्या वाट्याला
मरणाचा मधला तुकडा आला, एवढंच.

मिसेस दिएपचं दुकान
टायरवाला आणि नखं रंगवणारीच्या मधे.
दोन बादल्या समोर.
निळी: क्षारता आठ, कॅल्शियम चारशे दहा.
लाल: क्षारता बारा, कॅल्शियम चारशे साठ,
वीस डॉलर जास्त,
वर झाकणावर असा काही प्रवाळ छापलेला
की आपल्या घरचा बघायची लाज वाटावी.

मार्चमध्ये मी निळीवरून लालवर उडी मारली होती.
एका रविवारी, एका बैठकीत, चांगलं करायला म्हणून.
टॉर्च कोरलची बोटं टोकांना पांढरी पडली
आणि आठवडाभर आत ओढलेलीच राहिली,
भांडण झालेल्या घरातल्या पोरांसारखी.

मिसेस दिएपनं दोन्ही झाकणं उघडली,
मूठभर उचललं, बोटांतून सोडलं.
गुठळ्या नाहीत, म्हणाली. दोन्ही चांगली आहेत.
पण मिस्टर उनरू,
कोरलला चांगलं पाणी नको असतं.
त्याला कालचंच पाणी हवं असतं.

मी उगाच विचारलं,
तुमच्या व्हुंग ताऊच्या समुद्राची क्षारता किती होती?
मोजली नाही, म्हणाली.
नऊ दिवस होतो त्याच्यावर, एकोणऐंशी साली.
माझी आई ओठ पुसू द्यायची नाही,
जीभ लावाल म्हणून.
मग चष्मा वर सारून तिनं चिठ्ठी वाचली:
लालवर दहा टक्के सूट आहे, मंगळवारपर्यंत.

मी निळी घेतली.

आता गॅरेजमध्ये पिंप, पिंपात गाळलेलं गोडं पाणी,
पंप घुरघुरतोय.
मीठ हळूहळू सोडतो, एकदम नाही,
एकदम सोडलं की चुना रुसून पांढरा होतो.
आधी दूध, मग ताक,
मग हळूच
पिंपाचा तळ दिसायला लागतो.

लव्हॉन सूपचा वाडगा घेऊन दारात आली.
दोन वर्षं अळणी जेवते आहे, डॉक्टरनं सांगितल्यापासून,
आणि तिच्या जोडीनं मीही,
एकतीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं
त्याला न जागता.
तिनं पिंपात बोट बुडवलं.
अगं, मी म्हणेपर्यंत तोंडात.
डोळे मिटून उभी राहिली बराच वेळ,
खरकटं बोट तसंच वर धरून.

जमलंय? समुद्रासारखं?

मला काय विचारतोस, ती म्हणाली.
आपण दोघंही कधी गेलोय का?

सूप गार झालं होतं.
मी काचेवर एक थेंब घेऊन दिव्याकडे धरला:
निळी रेघ पस्तिसाच्या जरा खाली.
अर्धी वाटी आणखी.
रात्रभर फिरू दे.