नेरो

शाळा सुटल्यावर फादर टेलिस
आम्हा चौघांनाच ग्रीक शिकवायचे,
स्काउटचे तंबू ठेवायच्या खोलीत.
खडू ओला, फळा त्याहून ओला.
हुदोर, म्हणजे पाणी. नपुंसकलिंगी.
षष्ठीत हुदातोस.
"पाणीच ते, रूप बदलणारच,"
फादर म्हणाले आणि एकटेच हसले.

त्याच फेब्रुवारीत अब्बा बोटीवरून उतरले.
माझगावच्या खोलीत बूट काढता काढता
म्हणाले, "मुश्ताक, नेरो दे रे."
पिरेअसच्या गोदीत उचललेला शब्द.
मी म्हटलं, चुकीचं आहे. हुदोर म्हणतात.
चाचणीत तेवीस पडले होते मला, पंचवीसपैकी.

अब्बांनी तांब्या संपवला, मिशी पुसली.
"तिथल्या खानावळीत तुझं हुदोर मागितलं असतं
तर तहानेनं मेलो असतो."

हे मला बरेच दिवस लागून राहिलं.

खूप नंतर, भलतंच काही शोधताना
कोशात बोट अडकलं:
जुने लोक म्हणत, नेआरोन हुदोर, ताजं पाणी.
पुढे बोलता बोलता पाणी गळालं,
ताजं तेवढं राहिलं.
म्हणजे दोघंही एकाच भांड्यातून पीत होतो.
सांगायला फादर नव्हते.
अब्बाही नव्हते, त्याला तेव्हा चार वर्षं झालेली.

अम्मी आहे. तिला यातलं काही नको.
पहाटे पाचला नळ खाकरतो,
ती अंधारातच हंडा सरकवते,
पायानं माझी गादी ढोसते:
"ऊठ. नेरो आला."

पुल्लिंगी करून टाकलाय तिनं.